रशीदचा पडदा अन् माझे डोळे

कसं सांगू तुमाले, या वयात माझी अशी फजिती झाली की अकोल्याच्या त्या गल्लीतून जातानी अजून मान खाली जाते. अन् फजिती केली कोणी? माझ्या स्वतःच्याच डोळ्यांनी.

रशीद माझा चाळीस वर्षांचा दोस्त. त्याचं शिलाईचं दुकान, बाजूले माझी संत्र्याची गाडी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की कापड बेतायच्या टेबलावर आमचा पत्त्यांचा, मेंढीकोटचा डाव बसे. आमी दोघं भिडू. रशीदनं डावा डोळा बारीक केला की समजायचं, हुकमाचा एक्का त्याच्यापाशी आहे. लोकं म्हणत, हे दोघं न बोलता जिंकतात कसे? काय दिवस होते हो! आता तिथं मोबाईलचं दुकान आहे.

मंग नसांच्या आजारानं रशीदचे आधी हात गेले, नंतर आवाज गेला. डोळे तेवढे राहिले. आठ महिने तो एक शब्द बोलला नव्हता. त्याची बायको नूरभाभी मले एकदा म्हणाली, "मधूभाऊ, यांनी एक खेप मले नावानं हाक मारावी, बस. बाकी काही नाही पायजे."

त्याची पोरगी नसरीन पुण्याले कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. तिनं बापासाठी एक मशीन आणलं. पडद्याखाली काळी पट्टी, तिच्यात कॅमेरा. पडद्यावर चौकोन : चहा, पाणी, भूक, पाठ दुखते. ज्या चौकोनावर नजर जराशी थांबली, ते वाक्य मशीन बोलून दाखवते. अक्षरांचं पान वेगळं. आता मी पोराकडं दर्यापूरले राहतो; भाभीचा फोन आला तसा तिथून जीपनं निघालो. डोळ्यांची भाषा म्हणजे माझा विषय, मी नसलो तर कसं चालन?

पोचल्याबरोबर भाभीनं चहाचं विचारलं. आता तुमीच सांगा, आपल्याकडं पहिल्यांदा विचारल्यावर कोणी हो म्हणते का? मी म्हणलं, "नको भाभी, आत्ताच घेतला." दुसऱ्यांदाबी नको म्हणलं. तिसऱ्यांदा हो म्हणायचं असते. पण त्या दिवशी भाभी गडबडीत होती, तिनं तिसऱ्यांदा विचारलंच नाही.

नसरीन म्हणाली, "काका, अब्बूंना निवांत बघू द्या. मध्ये येऊ नका." अन् ऑफिसचा फोन घ्याले ती गच्चीवर गेली.

मी मध्ये कुठं आलो? चष्मा घरी राहिला होता, म्हणून फक्त रशीदच्या गालाले गाल लावून पडद्यात डोकावलो.

मशीन बाईच्या आवाजात बोललं, "मला चहा हवा आहे."

भाभी रडतच सैपाकघरात पळाली. चहा आणला, चमचा रशीदच्या ओठाले लावला, तर त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

"काहून घेत नाही हो?"

"गरम असन," मी म्हणलं. मंग तो चहा थंड झाला, अन् वाया कशाले घालवाचा म्हणून मी पिलो.

पाच मिनिटांनी पुन्हा, "मला चहा हवा आहे." मंग अजून एकदा. मंग, "मला भूक लागली आहे." भाभीनं साजूक तुपातला शिरा केला. रशीदनं तोंड उघडलं नाही, मले उघडावं लागलं. मंग मशीन म्हणालं, "माझी पाठ दुखते आहे." जीपच्या मागच्या सीटनं माझ्या पाठीचं भुसकट झालं होतं, म्हणून मले त्याचं दुखणं लगेच पटलं. भाभी त्याच्या पाठीले बाम चोळाले लागली.

रशीद डोळे वटारून माझ्याकडं पाहून राहिला होता.

"पाहा भाभी, किती खुश आहे," मी म्हणलं.

खरं म्हणजे मी चुकीचं पान टाकलं की तो नेमका असाच पाहायचा. चाळीस वर्षं खाल्लेली नजर, अन् ऐन वेळी मी विसरलो.

तेवढ्यात नसरीन आली. तिनं पडद्याकडं पाहिलं, मंग माझ्याकडं. "काका, जरा मागं सरका."

मी सरकलो. मशीन गप झालं.

"पट्टीनं अब्बूंचे नाही, तुमचे डोळे धरलेत. इतका वेळ तुम्हीच बोलत होतात."

भाभीचा चेहरा पार उतरला. आपला माणूस बोलला असं समजून ती बिचारी तासभर धावली होती. बामाचे हात ओढणीले पुसत राहिली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मले लई लाज वाटली.

नसरीननं मले दारापाशी उभं केलं, मशीन पुन्हा रशीदच्या नजरेशी जुळवलं अन् अक्षरांचं पान काढलं. एकेका अक्षराले केवढा वेळ. आधी न आला. मंग त्याले ऊकार लागला. मंग र.

भाभीनं स्वतःचं नाव हळूच वाचून पाहिलं.

रशीद थांबला नाही. अक्षरामागं अक्षर टिपत गेला, अन् शेवटी 'बोल' लिहिलेल्या चौकोनावर नजर ठेवली. आवाज त्याच बाईचा होता, पण बोलणं अस्सल रशीदचं.

"नूर, मधूले चहा पुरला का विचार."

भाभी ओढणीत तोंड लपवून रडतबी होती, हसतबी होती. मंग दोघंही माझ्याकडं पाहाले लागले.

"पुरला," मी दारातूनच म्हणलं. तीन कप चहा अन् वाटीभर शिरा पोटात असल्यावर माणूस दुसरं काय म्हणन?