घंटामनोऱ्यावरून दिसलेला गोठा

वसईच्या बागायती पट्ट्यात लग्ना-बाप्तिस्म्यांचे फोटो काढणाऱ्या सॅन्टनकडे १९७८च्या नोव्हेंबरात वेगळेच काम आले. शेजारचा पॉल नोकरीसाठी आखातात निघाला होता. गावातला नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, दरवर्षी तोच मांडीत असे: मातीची घरे, काथ्याच्या केळी, आरशाच्या तुकड्याची विहीर. यंदा गोठाही नाही आणि गावही नाही. "दादा, सगळं गाव एका फोटोत बसवून दे," एवढेच त्याने मागितले.

सॅन्टनने आपला जुना, भात्याचा लाकडी कॅमेरा चर्चच्या घंटामनोऱ्यावर चढवला. काळ्या कापडाखाली डोके घालून त्याने मागच्या काचेवर गाव नीट जुळवले. पुढे फोटोची प्लेट आत सरकवताना मात्र झिजलेल्या स्क्रूवरची भिंगाची फळी मागे कलंडली, ते त्याच्या ध्यानात आले नाही.

आले ते दुसऱ्या दिवशी, फोटो धुताना. मधला पट्टा तेवढा रेखीव उमटला होता. अलीकडची माडांची राई आणि पलीकडची मिठागरे धुक्यात विरून गेली होती; घरे तर आगपेटीएवढी, कुणी हाताने मांडून ठेवल्यासारखी. पॉलचे विमान पहाटेचे होते आणि पुन्हा मनोरा चढावा इतका उजेड उरला नव्हता. नवरा-नवरीला पुन्हा उभे करता येते. गाव सोडून निघालेल्या माणसाला काय सांगायचे?

दमट फोटो वर्तमानपत्रात धरून तो पॉलच्या ओट्यावर गेला. तोंड उघडण्याआधीच पॉलच्या आईने, कॅथरिनने, फोटो ओढून घेतला.

"मागच्या नाताळचा गोठा ना हा?" चष्मा सावरत ती म्हणाली. "आणि ही बाहुली कमरेत का मोडलीय, पॉल? घाईत केलीस ना?"

पॉल वाकला. "आय, ती तू आहेस. अंगणात भात वाळत घालतेयस."

"माझी कंबर अशी दिसते?"

"वरून बघणाऱ्याला दिसते," सॅन्टन म्हणाला, आणि मग एका दमात, "भिंग कलंडलं, पॉल. मधलंच काय ते आलंय."

"आपलं घर मधेच आहे ना?"

"मधेच."

"मग तिकडं आखातात हाच गोठा मांडीन."

"गव्हाणीशिवाय?" कॅथरिन म्हणाली. तिने फोटो गुडघ्यावर ठेवला आणि थोडे शोधून स्वतःच्याच ओसरीवर बोट टेकवले. "बाळ येशू इथं ठेव."

सॅन्टनने तेव्हा कुठे खुर्ची ओढली आणि चहा मागितला. तो स्क्रू बदलायचे त्याने पुढे पुष्कळ दिवस मनावर घेतले नाही.