गुंडाळलेली पानं

आई चैत्रात गेली. लग्नात तिच्यासोबत माहेरचं तांबडं भात घरात आलं होतं. ते आता तिच्या माहेरीही उरलं नव्हतं. कणगीतलं बरंचसं तेराव्याला रांधलं गेलं. राहिलेलं बियाणं वडलांनी कशेळ्याच्या रस्त्याकडेच्या एकाच खाचरात लावलं.

श्रावणात पाऊस थांबला तो आठवडे उलटले तरी आला नाही. जमिनीला भेगा पडल्या, रोपांची वाढ खुंटली, पानं सुतळीसारखी गुंडाळली. मी मुंबईत विज्ञान शिकत होतो. गोकुळाष्टमीच्या सुट्टीत घरी आलो होतो. बैलांना चारा नव्हता. वडील बांधावर उभे होते. म्हणाले, "तू शिकलेला. सांग, यात जीव हाय का? का सोडू गुरं यात?"

आत्या वाकून रोपाचा बुंधा नखाने खरवडत होती. "निजलंय रं ते. मेलं नाय. थांबा चार दिस."

मी एक पान मोडलं. कागदासारखं वाजलं. पेशींविषयी वाचलेलं काहीबाही सांगितलं. तुझ्या बुकात आमचं खाचर हाय का, असं आत्याने विचारलं. मी वडलांना म्हणालो, "मेलंय. सोडा."

संध्याकाळपर्यंत बैलांनी रोपं मुळासकट उपटून खाल्ली. पाचव्या दिवशी पाऊस आला. शेजारच्या खाचरातली तशीच गुंडाळलेली पानं उलगडली; दिवाळीआधी तिथे कापणी झाली. वडलांनी मला कधी बोल लावला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी दुकानातलं बियाणं आणलं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी वार्ताहर म्हणून कर्जतला एका भातशास्त्रज्ञांच्या व्याख्यानाला गेलो. पाणी तुटलं की रोपात इशारा निघतो, असं त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. मग काही प्रथिनं जनुकांवर जाऊन बसतात. वाढीची जनुकं गप्प करतात, तग धरण्याची जागी करतात. यातलं बरंच अजून कळायचं आहे, असंही ते म्हणाले. पण खुंटलेलं रोप मेलेलं नसतं, ते स्वतः थांबलेलं असतं. हे वाक्य मी जसंच्या तसं उतरवून घेतलं.

व्याख्यान संपल्यावर मी विचारलं, असं रोप किती दिवस थांबतं? ते वाणावर अवलंबून, त्यांनी सांगितलं. कुठला वाण? मी आईच्या भाताचं वर्णन केलं: तांबडा दाणा, काळसर कुसळ, उंच वाढणारं ताट. असा वाण त्यांच्या संग्रहात नव्हता. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

"मूठभर बी मिळेल?"

नाही, म्हणालो. त्यांनी त्या ओळीवर रेघ मारली आणि वही मिटली.