तीन डावांचं सिलिंडर

संत्र्याच्या सालीचा वास आला की सौंसर गावातली भाड्याची खोली आठवते. कॉलेजचे आम्ही चौघं तिथे दुपारी संत्री सोलत फाशांवरचा सुपरहीरोंचा खेळ खेळायचो. गोष्ट रचून खेळ मी चालवायचो, बाकीचे त्यातले हीरो. पॉइंट खर्चून शक्ती घ्यायच्या. चौघांतल्या, मला इंग्रजी शिकवणाऱ्या मित्राने हवी ती वस्तू निर्माण करण्याची शक्ती घेतली आणि खेळातल्या एका म्हातारीला ऑक्सिजनचं सिलिंडर दिलं. तो एकटाच भारी ठरू नये म्हणून मी नियम केला: बनवलेली वस्तू तीन डावांनी नाहीशी होईल. "मंग बुढीनं काय करावं?" त्याने विचारलं. "नवीन बनव ना बे." "पॉइंट नाही राह्यले." "मंग गेली बुढी," मी हसलो. तो फासे ठेवून निघून गेला. त्याची आई सिलिंडर न मिळाल्याने गेली होती, हे मला नंतर कळलं. त्याच्या शिकवण्यामुळे मी घरातला पहिला पदवीधर झालो. माफी मात्र अजून मागितलेली नाही.