धूमकेतू आला, तेव्हा हिरॉईनचा डोळा राहिला होता

धूमकेतू दिसला की गोष्ट एका वाक्यात संपते. नाही दिसला की किस्सा होतो! आमच्या नांदेडच्या टोळीकडं असल्या किश्श्यांचा ढीग साचलाय. टोळी म्हणजे मी, पाट्या रंगवणारे पेंटरमामा आणि लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवणारे रज्जाकभाई. दोघांचीही कामं गेली. एकाचं फ्लेक्सनं खाल्लं, दुसऱ्याचं डीजेनं.

*

धूमकेतू शोधत हिंडायच्या या नादाचं मूळ पेंटरमामा. तरुणपणी एकदा परांचीवर चढून सिनेमाचं पोस्टर रंगवत होते. सांजच्याला मागं मोठा धूमकेतू निघाला. खालून मामी ओरडल्या, "अवो, वळून बगा की!"

"थांब, हिरॉईनचा डोळा ऱ्हायलाय!"

डोळा होईस्तोवर तो मावळला. उद्या बघू म्हणाले, तर आभाळ आलं ते हटलंच नाही. आता मामीही नाहीत. "तिनं बगितला तसला एकदा बगायचाय," एवढंच मामा म्हणतात.

*

एकदा किल्लारीच्या अलीकडं मावळतीला लांब पांढरी शेपूट! मामांनी घाईघाईनं चित्र काढलं. रज्जाकभाईंनी डोळे पुसले. तेवढ्यात वारा फिरला, आणि शेपूटही फिरली. साखर कारखान्याचं धुराडं!

"फाडू नका पेंटर," रज्जाकभाई म्हणाले, "कारखान्याच्या कॅलेंडरवर छापू!"

*

मुखेडच्या माळावर माझ्या पुतणीनं मोबाईल पुढं केला. "मामा, फोटोत हिरवागार आलाय बगा!"

"डोळ्याला दिसंना अन् मोबाईलला दिसतंय? मग त्यालाच पाठवायचं होतं की. मी कामून आलो?"

*

परतताना एसटीशेजारून डीजे गेला. काचा थरथरल्या. रज्जाकभाई म्हणाले, "आमी वाजवत आलो की बाया खिडक्या उघडायच्या. आता लावून घेतात."

खोटं सांगत नाही, पुढच्या स्टॉपला कंडक्टरनं घंटीसुद्धा हळूच मारली!

*

किल्लारीच्या फजितीनंतर आमच्यात पद्धत पडली. "दिसला" असं ओरडायचं नाही. ज्यानं त्यानं गुपचूप चित्र काढायचं. रज्जाकभाई ती जुळवणार. जुळली तरच धूमकेतू!

गेल्या खेपेला लातूरच्या वाटेवर खरोखरचा निघाला. मला दिसला, रज्जाकभाईंना दिसला. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डोळे बारीक करकरून ते मावळतीकडं बघत राहिले. मग मान खाली घालून बराच वेळ चित्र काढत बसले.

रज्जाकभाईंनी बॅटरी लावली. माझी शेपूट डावीकडं झुकलेली, त्यांचीही तशीच. मामांच्या कागदावर आभाळच नव्हतं. परांचीवरून दिसावी तशी एक बाई होती. पदर खांद्यावर घसरलेला, मान वर, तोंड उघडं.

रज्जाकभाईंनी तिन्ही कागद शेजारी शेजारी धरले. पुन्हा पुन्हा पाहिले.

"जुळलं," ते म्हणाले.