जात्याची खीळ

मी शाळेत गेलो तो दुसरीपर्यंत. लिहिताना चुकतो, पण हे दुसऱ्याला सांगून लिहवून घ्यायचं नाही असं ठरवलंय. माझं मीच लिहिणार.

वडील गेले आणि त्यांचा खराद माझ्याकडे आला. खराद म्हणजे लाकूड कातायचं साधन. दोन जाड खुंट आणि प्रत्येकात आत तोंड केलेला एक लोखंडी सुळा. दोन सुळ्यांच्या मधे लाकूड अडकवायचं, त्याला चामड्याची वादी गुंडाळायची. एकानं वादी इकडून तिकडे ओढत राहायची, दुसऱ्यानं फिरत्या लाकडाला पटाशी धरायची. खाटेचे पाय, लाटणी, पाळण्याचे लट्टू, सगळं त्यावर निघतं. वडिलांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून तो काचीगुड्याच्या आमच्या खोलीत भिंतीला टेकून पडला होता. एका खुंटाला वाळवी, वादीचे तुकडे झालेले, आणि एक सुळा गंजून मोडलेला.

पोलीस ॲक्शनच्या आधीचे दिवस होते. नाकेबंदीमुळे रॉकेल मिळेना, मीठ मिळेना, लोखंडाचं तर नावच नको. खुंट मी बाभळीचा केला. वादी शेजारच्या टांगेवाल्याच्या जुन्या लगामाची. त्याचा घोडा मेला होता, तो रिकामाच बसून होता, तेव्हा ओढायलाही तोच येणार होता. सुळ्यापाशी मात्र अडलं. लोहार म्हणाला, "लोखंड आणा, लगेच ठोकून देतो." सगळं शहर फिरलो. चांगल्या लोखंडाचा वीतभर तुकडा मिळेना. आणि तो आमच्या घरातच होता, मायच्या जात्यात. खालच्या दगडातली खीळ.

माय बरकतपुऱ्यातल्या तीन घरांचं दळण करायची. सरकारी नोकरीतली माणसं. त्यांना गिरणीचं पीठ चालत नसे, मायचंच लागे. तिला त्याचा ताठा होता. माझ्यातला ताठा आला तो तिच्याकडूनच.

"दोन दिवसांचं काम आहे माय," मी म्हणालो. "लोखंड मिळालं की परत बसवतो."

"तुझ्या बापाचा खराद चालू होतोय तर घे. पण दोनच दिवस रे. ज्वारी येऊन पडलीय."

टांगेवाल्यानं पाहिलं आणि हसला. "क्या मियाँ, अम्माँ की चक्की का कीला निकालको खराद चलाते? अम्माँ क्या पीसना अब, हवा?"

"तुम रस्सी खींचो," मी म्हणालो.

लोहारानं खीळ तापवून तिला टोक काढलं. आता ती जात्यात बसणार नव्हती, हे मला भट्टीपाशी उभा असतानाच कळत होतं. त्याऐवजी मी खैराची एक खीळ कातली. माझ्या खरादावरचं ते पहिलं काम. गुळगुळीत, देखणी. मायनं तिच्यावरून बोट फिरवलं.

"लाकूड झिजतं रे."

"तेल पाजलंय. लाकडातलं मला कळतं."

ती जातं मांडून दळायला बसली.

मग पोलीस ॲक्शन झाली, जुनं राज्य गेलं, शहरात तिरंगी झेंडेच झेंडे. नारायणगुड्याच्या एका शाळेनं झेंड्याच्या काठ्यांवर बसवायला लट्टू सांगितले. माझ्या हाताला उसंत नव्हती. त्याच दिवसांत जात्याचा आवाज बदलला. आधी घरघर होती, आता मधेच किरकिर यायची. खीळ झिजून वरचा दगड खालच्यावर घासत होता. मी कातकाम करणारा माणूस, आवाजावरून मला कळणार नाही? कळलं. पण सुळा काढून त्याची पुन्हा खीळ ठोकली तर खराद बंद, आणि लट्टू तर द्यायचे होते. मी पटाशी दाबून धरली, म्हणजे लाकडाच्या आवाजात तो आवाज बुडावा.

त्या आठवड्यात पिठाचा डबा डोक्यावर घेऊन मायबरोबर मी बरकतपुऱ्याला गेलो. एका घरच्या बाई दारातच आल्या.

"मावशी, दगड दळून दिलेत की काय? परवा भाकरीत नुसती कचकच. हे ताटावरून उठले."

"माझीच नजर चुकली बाईसाहेब. खडा राहिला असेल. डोळ्यांना दिसत नाही आता."

"एक खडा नाही हो, सगळ्या पिठातच कच आहे. राहू द्या. आम्ही आता गिरणीत पाठवत जाऊ."

मायचे डोळे चांगले होते. सुईत दोरा ती पहिल्या खेपेला ओवायची. मी तिथंच उभा होतो, डोक्यावर डबा घेऊन. खीळ मी काढली, एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो नाही. परक्या बाईसमोर मान कशाला खाली घालायची, असं तेव्हा मनात आलं. खोटं कशाला लिहू.

परतताना माय एवढंच म्हणाली, "झेंड्याचे लट्टू कधी द्यायचेत?"

उरलेली दोन घरंही महिन्याभरात सुटली. त्या घरांतून बोलणं पोचायला वेळ लागत नाही. पुढे बाजारात लोखंड आलं, मी नवी खीळ ठोकून आणून बसवली. मायनं मूठभर ज्वारी दळली, पीठ जिभेवर ठेवून पाहिलं. "बरं आहे," म्हणाली. पण दळण घेऊन कोणी आलं नाही. मी बरकतपुऱ्याला जाऊन सांगायला हवं होतं. काचीगुड्याहून चालत किती लांब ते? त्या बाई वारल्या तोवर मी गेलो नाही.

टांगेवाल्याला घोडा मिळाला, तो गेला. दुसऱ्या दिवशी मी वादी हातात घेऊन विचार करत बसलो होतो. माय आली.

"सरक. मी ओढते."

"तू?"

"हात रिकामेच आहेत की."

नको म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "हिसका देऊ नकोस. एकसारखी ओढ."

तिनं एकसारखी ओढली, जात्यावरच्या हातानं. टांगेवाल्याला ते कधी जमलं नव्हतं. माझं काम तेव्हापासून सुधारलं. गिऱ्हाईक खाटेच्या पायावर हात फिरवून म्हणायचं, "काय हात आहे तुमचा!" माय समोर वादी धरून बसलेली असायची, आणि मी हो म्हणायचो.

ती गेल्यावर मी खरादाला मोटार बसवली. मोटार तिच्या हयातीतही बसवता आली असती. ओढायला घरात माणूस होतं, म्हणून बसवली नाही.