खालाच्या तीन डेगी

मस्कतमध्ये आम्हाला खोली मिळाली ती एका महिन्याच्या अटीवर. घर हैदराबादच्या एका खालाचं. तिचंही भाड्याचंच, पण वीस वर्षं राहिल्यामुळं तोरा घरमालकिणीचा. तिनं मला खालवर पाहिलं आणि आमच्या ह्यांना म्हणाली, "एक महिना देखूंगी. दुल्हन ठीक रही तो रहो, नहीं तो अपना रास्ता."

हे एसी दुरुस्तीचं काम करत. चितेगावच्या कारखान्यात शिकले, तिथून इकडं आले. मी येईपर्यंत आठ माणसांच्या खोलीत झोपायचे. खालानं नाही म्हटलं असतं, तर हे परत त्या आठांत आणि मी विमानानं माहेरी, पडेगावला. त्यामुळं मी लई घाबरून होते. पाय वाजू नयेत म्हणून टाचा उचलून चालायची. खाला म्हणायची, "चोर है क्या, दुल्हन? ठीक से चल ना."

बोलण्याची अडचण नव्हती. पडेगावचा भाजीवाला असंच बोलतो. अडचण पाण्याची होती. म्हणजे, पाणी चोवीस तास होतं, हीच अडचण.

माझी शाळा आठवीत सुटली ती दुष्काळात. टँकरची वेळ आणि शाळेची वेळ एकच, आणि घरात थोरली मीच. पुढं शहर वाढत वाढत आमच्या दारापर्यंत आलं, भवताली इमारती उठल्या, नळही आला. पण नळाला पाणी आठव्या दिवशी, उन्हाळ्यात दहाव्या. अशा घरातलं माणूस नळ दिसला की आधी भांडं शोधतं. पहिल्याच सकाळी मी विचारलं, "खाला, इधर पानी कितने दिन में आता?"

खाला माझ्याकडं बघतच राहिली. "नल खोले तो आता, माँ."

असल्या गोष्टीवर विश्वास कोण ठेवतो? आज आलं, उद्याचं काय? मी बादल्या भरल्या, पातेली भरली, तेलाचे रिकामे डबे धुऊन भरले. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बघून तर जीव तुटला. गॅलरीत त्याखाली बादली लावली, तर संध्याकाळपर्यंत काठोकाठ!

"समंदर बाजू में है," खाला म्हणायची, "वो भी भर ले."

हे कपाळाला हात लावायचे. "अगं, मी एसीवाला. माझ्याच एसीखाली बायको बादली लावून बसली, तर लोक काय म्हणतील?"

तिसऱ्या आठवड्यात घरातली भांडी संपली. तेव्हा सामानाच्या खोलीत, चादरीखाली, खालाच्या तीन डेगी सापडल्या. तांब्याच्या, कल्हई केलेल्या, एकेकीत पोर मावेल एवढ्या. वापरात काही दिसत नव्हत्या. मी तिन्ही भरल्या, झाकणं ठेवली, चादर होती तशी टाकली. मग कुठं जिवाला स्वस्थता आली.

महिना संपायला दोन दिवस राहिले आणि खालाकडं दावत निघाली. चाळीस माणसं. सकाळी ती डेग ओढायला गेली. डेग हलेना. तिनं झाकण उचललं. मग दुसरीचं. मग तिसरीचं.

"दुल्हन!"

मी गेले. डोळ्यांसमोर पडेगावचा फाटा दिसत होता.

"ये क्या है?"

"पानी, खाला."

"वो तो दिख रा. फेंक!"

गप फेकलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण तोंडातून निघालं, "फेकायचं?" आणि तेही मराठीत. डेगीचा काठ धरून मी उभीच. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तेवढंच काय ते वाया गेलं.

खालानं कपाळावर हात मारला. "ग्यारा बजे बावर्ची आता. तब तक खाली होना. कैसे भी कर, मेरेकू बता नक्को."

मी ओढणी कमरेला बांधली. कुंड्यांना पाणी घातलं, पडदे धुतले, घर दोनदा पुसलं. तरी दीड डेग उरलीच. मग बादल्या घेऊन जिन्यात गेले. चार मजल्यांची पायरी न् पायरी घासली, कठडे पुसले, खालच्या दारातली वाळू धुऊन काढली. वॉचमननं विचारलं, "कोई मंत्री आ रहा क्या?"

अकराच्या आत डेगी रिकाम्या. मोरीत थेंबसुद्धा सोडला नाही.

दुपारी पाहुणे वर येताना पाय जपून टाकत होते. एक बाई दारातच म्हणाली, "आपा, तुम्हारा जीना तो आईना है!"

खालानं मान वाकवली. "क्या करूँ बहन, मेरेकू गंदगी बर्दाश्त नहीं होती. सुबह से लगी हूँ."

मी दारामागंच उभी होते. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. पण मिठाईची पहिली वाटी माझ्या हातात आली.

दोन दिवसांनी ह्यांनी घसा खाकरला. "खाला, महीना हो गया. तो हम..."

खाला भाजी निवडत होती. "किधर जाते? ईद को फिर दावत है." मग माझ्याकडं वळली. "डेगाँ उधरीच हैं. मैं कुछ बोली नहीं, तू कुछ सुनी नहीं. सिर्फ एक दिन पहले भरना."

एक दिवस आधी म्हणजे फारच उशीर, असं मला वाटलं. पण या वेळी "जी, खाला" एवढंच म्हटलं.