आता धरतोय

कमलवहिनींचा फोन आला तेव्हा मी गिरणीत दळणाच्या रांगेत उभा होतो. "भाऊजी, यांच्या छातीत दुखतंय. शेजारच्यांच्या गाडीतून नेतोय, तुम्ही या," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. डबा तिथेच टाकून मी रिक्षा पकडली. हा गाढव स्वतःची अँबॅसेडर सोडून दुसऱ्याच्या गाडीत बसला म्हणजे दुखणं साधं नाही, हे मला रिक्षातच कळलं होतं. दवाखान्यात पोचलो तोवर यशवंतला आत घेतलं होतं आणि काचेतून त्याचे फक्त पाय दिसत होते. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये आम्ही जन्मभर शेजारच्या टेबलांवर बसलो, एकमेकांच्या पोरांच्या लग्नात पंगती वाढल्या. आणि त्या बाकड्यावर मला करण्यासारखं काय होतं, तर वहिनींना चहा आणून द्यायचा आणि गार झाला की कप परत न्यायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "बसा." आम्ही बसलेलोच होतो.

यशवंतच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन आता चार महिने झाले. त्या दिवशी सगळे यशवंतबद्दल चांगलंच बोलले. शांत, मनमिळाऊ वगैरे. मी मागे बसून मनात म्हणत होतो, शांत? हा? ऑफिसात पंख्याच्या वेगावरून भांडायचा तो. चहात साखर जास्त पडली तर टपरीवाल्याला अर्धा तास ऐकवायचा. पण त्या गाडीखाली शिरला की माणूस बदलायचा, हे मात्र खरं. देवळाली कॅम्पातले एक लष्करी अधिकारी निवृत्त होऊन गावी निघाले, तेव्हा त्यांची क्रीम रंगाची अँबॅसेडर यशानं घेतली. आणली त्या दिवशी सगळी कॉलनी बघायला जमली, आणि सगळ्या कॉलनीदेखत ती उतारावरून आपली आपण मागं निघाली. हँडब्रेक धरतच नव्हता! कमलवहिनींनी धावत जाऊन कुंडीच्या कडेचा एक काळा दगड उचलला आणि मागच्या चाकाखाली सरकवला. तेव्हापासून तो दगड गाडीतच राहिला, वहिनींच्या पायाशी, जुन्या टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळून. कुठेही जा, गाडी थांबली की आधी वहिनी उतरणार, दगड लावणार, मग यशा पायातला ब्रेक सोडणार. लग्नकार्याला पैठणी नेसून गेल्या तरी आधी दगड. आम्ही चिडवायचो, "वहिनी, तुमच्या सासरचा दागिना आणलात का?"

दुरुस्त का नाही केला, तर यशा म्हणायचा, पार्ट मिळत नाही. खरं कारण आळस. दगड होता, लावणारी होती, चाललं होतं. मग वहिनींचे गुडघे गेले. एकदा बाजारात त्या दगड लावायला वाकल्या आणि त्यांना उठताच येईना. भाजीवाल्या बाईनं हात देऊन उठवलं. यशा स्टेअरिंगवर अडकलेला, ब्रेकवरचा पाय काढला तर गाडी मागं वहिनींच्या अंगावर, म्हणून तो नुसता काचेतून बघत राहिला. संध्याकाळी माझ्याकडे आला तो तोंड पाडून. "मला उतरताही आलं नाही रे," म्हणाला. "बस झालं. आता ती खाली उतरणार नाही."

मुलाकडून त्यानं इंटरनेटवरून हँडब्रेकच्या केबल मागवल्या. ओरिजनल नव्हेत, आता बाहेर कुणीतरी बनवतात त्या. आमचा मेकॅनिक शकील म्हणाला, "साहेब, छोडो ना, लय जुनी गाडी हाय. पत्थर है ना!" त्यावर यशा असा भडकला की शकीलनं गपचूप जॅक आणि गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्या आणून दिल्या. गाडी मागून उचलली, मागच्या ब्रेकचे ड्रम काढले. जुनी केबल गंजून लोखंडाच्या काडीसारखी कडक झालेली, ती करवतीनं कापावी लागली. नवी घातली तर ती दोन बोटं लांब! लिव्हर पार वरपर्यंत ओढली तरी चाक गरगर फिरतंय. परत पाठवू म्हटलं तर ऐकेना. एका सायकलच्या नळीचा तुकडा कापून त्यानं केबलच्या बाहेरच्या आवरणाच्या टोकाला बसवला आणि ढील काढली. मी ड्रायव्हरच्या सीटवर, दाराकडच्या त्या लिव्हरवर हात ठेवून. तो गाडीखाली. "ओढ," तो खालून ओरडायचा. टक, टक. "अजून." टक. "सोड. सोड म्हणतो ना!" तो नट आवळणार, परत "ओढ". माझा खांदा भरून आला. शेवटी एकदा चाक जागच्या जागी थांबलं, आणि खालून आवाज आला, "बास!" इतक्या समाधानानं तो शब्द म्हणताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

बाहेर आला तो ग्रीसनं काळा झालेला. हात पुसता पुसता मला शिकवायला लागला, "एक लक्षात ठेव, पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर हा ओढून ठेवायचा नाही. आतले लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवायची, आणि दगड." मी म्हटलं, "म्हणजे दगड काही सुटत नाही तुझा." तो हसला. मग वहिनींना घेऊन तिघं चढावर गेलो. त्यानं गाडी थांबवली, लिव्हर ओढली, आणि पाय उचलला. गाडी हलली नाही! "बघ, धरतोय! बस तू," तो वहिनींना म्हणाला. वहिनी उतरल्याच. कण्हत कण्हत वाकल्या, दगड लावला आणि म्हणाल्या, "माझा भरवसा तुमच्यावर आहे, त्या तारेवर नाही." यशा दिवसभर फुगून बसला होता. पण पुढे हळूहळू वहिनींनी उतरणं सोडलं. बाजारात गाडी थांबली की त्या आरामात बसून राहायच्या आणि तो उतरून भाजी आणायचा. अशी मजा त्यांना फार दिवस मिळाली नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. मुलगा त्यांना बंगळुरूला नेतोय. गाडीला विंचूरकडचा एक हॉटेलवाला गिऱ्हाईक मिळालाय, लग्नात नवरदेवाला मिरवायला हवीये म्हणे. गाडी पार्किंगमधून बाहेर काढायची होती. शकील आला होता. दार उघडलं तर लिव्हर वर ओढलेली. मी वहिनींकडे बघितलं. "त्या दिवशी बाजारातून आलो," त्या म्हणाल्या, "हे घामानं भिजलेले. मी दगड घ्यायला वाकले तर म्हणाले, 'बस तू, मी ओढलाय.' मग दार उघडून उतरले आणि पायरीवरच बसले... नंतर मी कुणाला हात लावू दिला नाही." म्हणजे सगळा पावसाळा ती लिव्हर त्याच्या हातानं ओढली तशीच होती. जे करू नको म्हणून मला शिकवलं तेच त्यानं केलं, आणि करताना त्याला माहीत असणार, एवढं लायनर-ड्रमचं ज्ञान होतं त्याला. पण त्या वेळी त्याला फक्त वहिनींनी वाकू नये एवढंच सुचलं असेल.

मी सीटवर बसलो. हात लिव्हरवर ठेवला आणि मला ती सोडवेना. म्हटलं, "वहिनी, सोडू का?" त्यांनी आधी टॉवेलमधला दगड काढला, भिंतीला धरून वाकल्या, चाकाखाली लावला. मग म्हणाल्या, "सोडा." मी सोडली. लिव्हर अलगद खाली गेली. शकीलनं दगड काढून मागून जोर लावला, मी उतरून लावला, शेजारचे दोघे आले. गाडी तसूभर हलली नाही. "चिकटला साहेब," शकील म्हणाला. "ड्रमवर हातोडा मारायला लागेल." तो हातोडा आणायला वळला तशा वहिनी त्याच्या वाटेत आडव्या आल्या.

"नको. इतकी वर्षं धरत नव्हता," त्या म्हणाल्या, "आता धरलाय तर धरू दे चार दिवस."

मला माहीत आहे, चार दिवसांनी हातोडा येईल. गाडी विंचूरला जाईल, वहिनी बंगळुरूला जातील. मी यातलं काही थांबवू शकत नाही, दवाखान्यात जसं काही करू शकलो नाही तसंच. शकील गेला, शेजारचे गेले. वहिनी पायरीवर बसल्या, तो बसला होता तिथेच. मी परत गाडीत शिरलो आणि लिव्हर वर ओढली, त्यानं ठेवली होती तिथवर. टक, टक, टक. खालून कुणी काही म्हणालं नाही. मग मीच म्हणालो, "बास."